इंटरचेंजच्या वाटेवरची शेवंती

जपानातल्या आमच्या गावातून एक्स्प्रेसवेकडे जाणारा रस्ता एवढासा आहे, की गाडीत बसून गाणं लावावं तर ते संपायच्या आत टोलनाका येतो. रस्त्याला नाव नाही. निळ्या षट्कोनी पाटीवर नुसता आकडा आहे. आपल्याकडे असता तर राज्य महामार्ग म्हणून त्याचं वाजतगाजत उद्घाटन झालं असतं, कोनशिला बसली असती आणि दोन वर्षांनी ती कोनशिलाच तेवढी धड राहिली असती. इथला रस्ता त्सुनामी आणणाऱ्या त्या मोठ्या भूकंपात जागोजाग उसवला होता. आम्ही राहायला गेलो तोवर सगळं बुजवून झालं होतं, फक्त गाडी चालवताना मध्येच पोटात खड्डा पडायचा.

एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला इंटरचेंज, आणि मध्ये ज्यांना गावातही कोणी ठेवून घेत नाही अशा सगळ्या गोष्टी. जुन्या टायरांचं दुकान, बंद पडलेला पाचिंकोचा जुगारअड्डा, अंत्यविधीचा हॉल, आणि तासाच्या हिशेबाने खोल्या देणारं, किल्ल्यासारखं दिसणारं एक हॉटेल. गावाला रेल्वे स्टेशन नव्हतं. नवऱ्याच्या कंपनीने इथे कारखाना काढला, कारण जमीन स्वस्त होती आणि माणसं कुठे पळून जाऊ शकत नव्हती. राजधानीतल्या फुनाबोरी भागात राहणारी आपली भारतीय मंडळी कधीतरी रविवारी यायची, भातखाचरं बघून "किती शांत गं" म्हणायची, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आपापल्या इडलीच्या पिठाजवळ परत जायची.

याच रस्त्यावर मी बाइतो करत होते. बाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी, तासावर पगार. दुकान डब्यांचं होतं. भात, तळलेला मासा, लोणचं, सगळं खणाखणांत भरायचं. मालकीणबाई साठीच्या होत्या, बारीक, ताठ, आणि जिभेला धार. लाल खारवलेला प्लम भाताच्या अगदी मध्ये बसला नाही तर डबा परत माझ्यापुढे सरकवायच्या. त्या मला नावाने हाक मारत नसत, इंदो-सान म्हणत, म्हणजे इंडियाबाई. पण गावातल्या बाकी बायका माझ्या मोडक्या जपानीचं तोंड भरून कौतुक करायच्या आणि मग माझ्याशी काही बोलायच्याच नाहीत. मालकीणबाई कौतुक करत नव्हत्या. त्या जशा इतरांवर खेकसायच्या तशाच माझ्यावर खेकसायच्या, आणि त्या गावात मला माणसासारखं वागवणारं तेवढं एकच ठिकाण होतं.

भूकंपानंतर कित्येक वर्षं या रस्त्यावरून माती आणि खडी भरलेले डंपर एक्स्प्रेसवेला लागून उत्तरेकडे जात. समुद्राने नेलेली गावं पुन्हा उभी करायची होती. त्या डंपरांबद्दल कोणी वाकडा शब्द काढत नसे. त्यातल्याच एका डंपरखाली मालकीणबाईंचा एकुलता एक मुलगा गेला. दुकानाच्या स्कूटरवरून डबे पोचवून परत येत होता. ड्रायव्हर कामाने पिचलेला, झोप न झालेला. अंत्यविधीला येऊन तो जमिनीवर डोकं टेकून रडला म्हणे. मालकीणबाई म्हणायच्या, "असा रडला की मलाच त्याला पाणी द्यावं लागलं." त्यांना त्याचा रागही धड करता आला नाही, याचाच त्यांना राग होता.

दर महिन्याला, मुलगा गेला त्या तारखेला, मालकीणबाई सकाळी अपघात झाला त्या वळणावर जायच्या. तिथल्या लोखंडी कठड्याला एक पत्र्याचं नळकांडं तारेने बांधलेलं होतं. त्यात पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचा जुडगा ठेवायच्या, आणि खाली मुलाला आवडणाऱ्या गोड कॉफीचा कॅन, झाकण उघडून. पुढच्या महिन्यात जुना कॅन ओतून द्यायचा, नवा ठेवायचा. जपानात रस्त्याच्या कडेला अशी फुलं दिसली की तिथे कोणीतरी मेलंय हे लहान पोरालाही कळतं.

सून मुलीला घेऊन त्सुकुबाला राहायला गेली होती, पण त्या तारखेनंतरच्या रविवारी दोघी न चुकता दुकानात यायच्या. नात सहा वर्षांची, समोरचे दात पडलेली. एप्रिलमध्ये ती पहिलीत जाणार होती. इथे पहिलीचं ते कडक चामडी दप्तर आजी-आजोबांनी घ्यायची पद्धत आहे, आणि मालकीणबाईंनी ते उन्हाळ्यातच आणून ठेवलं होतं, जांभळं. ते मागच्या खोलीत खोक्यात होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या खोकं उघडून बघायच्या आणि मी बघतेय असं दिसलं की तेलाच्या डागावरून मला झापायच्या. सुनेचं आणि त्यांचं मात्र जमत नव्हतं. मुलाच्या विम्याचे पैसे सुनेला मिळाले तेव्हा मालकीणबाई तिला म्हणाल्या होत्या, "तुला पैसे मिळाले, तू सुटलीस." सून नंतर एकदा म्हणाली होती, की आई, ते वळणावरचं आता बंद करा, मुलगी विचारते. तरी ती येत होती. त्या रविवारवर मालकीणबाई अख्खा महिना काढायच्या.

अशात आमच्याकडे सासूबाई आल्या, गणपती उरकून, तीन महिन्यांच्या व्हिसावर.

पुण्यात सासूबाई रोज सकाळी फिरायला जातात, म्हणजे फुलं तोडायला जातात. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी. कुंपणाबाहेर आलेली फांदी ही जनतेची, हा त्यांचा कायदा, आणि हात पुरला तर आतलीही. घरमालक ओरडला तर म्हणतात, "देवालाच वाहायचीत, माझ्या डोक्यात नाही माळायची," आणि तो बिचारा स्वतःच्याच जास्वंदीपुढे ओशाळून उभा राहतो. फुलं विकत घेणं हा त्यांच्या मते आळशी सुनांचा उद्योग. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी मी हात जोडून सांगितलं, "आई, इथे कुणाच्या दारचं पानसुद्धा तोडू नका. लोक पोलिसांना बोलावतात." त्यांनी ऐकलं, पण माझ्या देवांना प्लॅस्टिकची फुलं वाहायचीत की काय, असं दोन दिवस पुटपुटत राहिल्या.

म्हणून मी त्यांना रस्त्यावरचं बिनमाणसाचं दुकान दाखवलं. शेतकऱ्याने पत्र्याच्या शेडमध्ये वांगी, मुळे, कधी शेवंतीच्या जुड्या ठेवलेल्या असतात. विकायला कोणी नसतं. चीर पाडलेला एक डबा असतो, त्यात शंभर येनचं नाणं टाकायचं आणि हवं ते उचलायचं. सासूबाई थक्क झाल्या. "आपल्याकडे डब्यासकट नेलं असतं," म्हणाल्या. तेव्हापासून त्या रोज सकाळी त्या रस्त्याने फिरायला जायला लागल्या, खिशात एक नाणं घेऊन. भाषेचा एक शब्द न येता एकटीने बाजारहाट करता येतो, या गोष्टीने त्या अशा काही फुलल्या होत्या की मलाही बरं वाटलं. ऑक्टोबरात एकदा त्या पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचा भरगच्च जुडगा घेऊन आल्या आणि देव्हारा सजवला. नोव्हेंबरातही आणला. मी म्हटलं, छान आहे हो आई. शेडमधलाच असणार, दुसरं काय वाटायचं?

नोव्हेंबरातल्या त्या रविवारनंतर मी कामावर गेले तर मालकीणबाई तांदूळ धूत होत्या आणि धुतच होत्या. पाणी केव्हाचं नितळ झालं होतं. मी विचारलं, नात कशी आहे, दात आले का. त्या म्हणाल्या, "ती आता येणार नाही."

सगळं बाहेर यायला आठवडा गेला. दुपारची गर्दी ओसरल्यावर आम्ही मागच्या खोलीत उरलेला भात खात होतो, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. ऑक्टोबरात वळणावरची फुलं दुसऱ्याच दिवशी नाहीशी झाली होती. डिलिव्हरीच्या गाडीतून जाताना त्यांना रिकामं नळकांडं दिसलं. वारा असेल, कावळे असतील, असं म्हणून सोडून दिलं. नोव्हेंबरात त्या नवी फुलं घेऊन गेल्या, जुना कॅन ओतला, तर कॉफीबरोबर शंभर येनचं नाणं बाहेर पडलं. दुसऱ्या दिवशी फुलं पुन्हा गायब, आणि नव्या कॅनमध्ये पुन्हा नाणं.

"माझ्या मुलाची फुलं कोणीतरी उचलतं आणि त्याचे पैसे टाकून जातं," त्या म्हणाल्या. "असं करणारं माणूस जगात एकच आहे. पैसे मिळाले म्हणाले होते ना मी तिला."

रविवारी सून आली, नातीने दप्तर पाठीला लावून बघितलं, आणि मालकीणबाईंनी ती दोन नाणी सुनेपुढे टेबलावर ठेवली. म्हणाल्या, घे, तुझे सुटे पैसे. सुनेला आधी काही कळेना. मालकीणबाईंनी सगळं सांगितलं, नातीच्या देखत. सून उठली, मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढलं, नीट खोक्यात ठेवलं, आणि मुलीला घेऊन निघून गेली. तेव्हापासून ती फोन उचलत नव्हती.

नाण्याचं ऐकलं तेव्हाच मला सासूबाईंच्या खिशातलं नाणं आठवलं. आधी खात्री करायला हवी होती.

घरी आले. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मी विचारलं, "आई, ती शेवंती कुठून आणलीत तुम्ही?"

"त्या वळणावर नाही का, शेडच्या पुढे. तिथे फुलांचं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "डबा बारका आहे पण, नाणं सरळ जात नाही. आडवं करून ढकलावं लागतं. मी काही फुकट आणत नाही हो."

मी त्यांना सांगितलं ते काय होतं. कोणाची फुलं, कोणाची कॉफी, आणि त्यामुळे कोणाची नात तुटली. वाटाण्याची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. मला वाटलं, आता या बाईच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या उठल्या, तडक देव्हाऱ्यापाशी गेल्या, आणि म्हणाल्या, "म्हणजे मी मर्तिकाची फुलं वाहिली देवांना? दोनदा?"

संध्याकाळभर त्यांनी देव धुतले. फ्रिजमधलं सगळं दूध गेलं. पुण्याहून आणलेली गंगेच्या पाण्याची सीलबंद कुपी फोडली. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला इथे इतकी वर्षं झाली, तुला सांगता येत नव्हतं? तो डबा दाखवलास, हे नाही दाखवलंस." मी म्हटलं, आई, आपण उद्या त्यांच्याकडे जाऊ, तुम्ही फक्त नमस्कार करा, बोलायचं ते मी बोलते. त्या म्हणाल्या, "मी का म्हणून? मी रीतसर पैसे टाकलेत. मेलेल्याची फुलं अशी उघड्या रस्त्यावर मांडतात होय कोणी? देव बाटले माझे, ते कोण भरून देणार?" त्या आईबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. मुलगा किती वर्षांचा होता हेही नाही. मला त्या घटकेला त्यांची इतकी शिसारी आली की मी गच्चीत जाऊन उभी राहिले.

नवरा आला. त्याने बूट काढता काढता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सांगू नकोस हां तिथे. कारखान्यातले निम्मे लोक त्या दुकानातून डबा मागवतात. उद्या ऑफिसात मला बघून हसतील."

"हसतील म्हणून?"

"मग काय. आईला काही माहीत होतं का? आई डिसेंबरात जाईल, विषय संपला. सासू-सुनेचं भांडण आहे ते, मिटेल आपोआप. तुझं आणि आईचं नाही मिटत?"

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याला विचारलं नाही.

मी मालकीणबाईंना मागच्या खोलीत बसवलं आणि सरळ सांगितलं, की फुलं माझ्या सासूने नेली, दुकान समजून नेली, नाणं किंमत म्हणून टाकलं. इथल्या रिवाजाप्रमाणे मी जमिनीवर डोकं टेकलं. मग त्यांनी विचारलं, "नेऊन काय केलं?"

"देवाला वाहिली. आमच्याकडे शेवंती देवाला वाहतात. चांगली मानतात."

"असं," त्या म्हणाल्या. आणि हसल्या. ते हसू मला आवडलं नाही. मग एकदम म्हणाल्या, "तू तिच्याकडे जा. माझा फोन ती घेत नाही. तू सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर पटेल तिला. आणि सांग की दप्तर न्यायला ये, नाहीतर मी आणून देते, दारात ठेवून निघून जाते, आत येणार नाही." हे बोलताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला. त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती मला बघवेना.

मी त्या दुपारीच निघाले. वळण ओलांडलं, इंटरचेंजवरून एक्स्प्रेसवेला लागले, त्सुकुबाला पोचले. मिठाईचं खोकं घेतलं होतं, माफी मागायला जाताना नेतात तसं. सून तिसऱ्या मजल्यावर राहत होती. तिने दार उघडलं, मला ओळखलं, पण आत ये म्हणाली नाही. बूट काढायच्या जागेत मी उभी आणि ती वरच्या पायरीवर. आतून टीव्हीवरचं कार्टून ऐकू येत होतं.

मी सगळं सांगितलं. सासू, शेड, नाणं, देव. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर मान लववून म्हणाली, "मुद्दाम एवढ्या लांब आलात. कष्ट दिले तुम्हाला."

मला वाटलं, झालं. मी म्हटलं, "मग रविवारी याल ना?"

"नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता. "मी नेली नाहीत हे मला माहीतच होतं. तुम्ही मला त्यात नवीन काय सांगितलं?"

मी म्हटलं, त्यांचा गैरसमज झाला, त्या पस्तावल्यात, दप्तर घेऊन बसल्यात.

"दप्तर माझ्या आईवडिलांनी घेतलंय. परवाच," ती म्हणाली. मग आत एकदा बघून, हळू बोलली, "दर महिन्याला मी त्या वळणावरून गाडी आणते. त्या आधीच्या रात्री मला झोप लागत नाही. मुलगी डोळे मिटून घेते, वळण गेलं का विचारते. तरी आणत होते, कारण नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. आईंनी त्या नाण्यांबरोबर ते दिलं. आता मला ते परत द्यायचं नाही." पुन्हा मान लववली, माझ्या हातातून मिठाई घेतली, आभार मानले. दार लावताना आवाजसुद्धा केला नाही. इथले लोक फार सभ्य आहेत.

खाली गाडीत बसून मी विचार केला, की काहीतरी मधलं सांगावं. थोडा वेळ द्या म्हणाली, असं काहीतरी. सबंध रस्ता मी ते वाक्य जपानीत जुळवत आले. पण मालकीणबाई दुकानाच्या दारातच उभ्या होत्या, एप्रन काढून, केस विंचरून, जशा काही मी नातीलाच घेऊन येणार होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला खोटं जमलं नाही. सून जे बोलली ते सगळं मी सांगितलं, मुलगी डोळे मिटून घेते इथपर्यंत.

त्यांनी ऐकून घेतलं. एप्रन परत बांधला. डब्यांची झाकणं पुसायला घेतली.

"तू कशाला सांगायला आलीस, इंदो-सान?" त्या म्हणाल्या.

"तुमचा गैरसमज होता. तुम्ही तिला उगीच..."

"होता. बरा होता तो. तिने मुलाची फुलं उचलली, तिने नात तोडली, असं होतं. मला सकाळी उठून तिला शिव्या देता येत होत्या." एक झाकण त्यांनी दिव्यासमोर धरून बघितलं. "आता मीच तोडली. माझ्या हाताने, त्या पोरीच्या देखत. आणि मरेपर्यंत हे मला एकटीला वागवायचं आहे."

मी म्हटलं, "पण ते खरं नव्हतं."

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यावर मी जगले असते."

मग त्यांनी उरलेली झाकणं माझ्यापुढे सरकवली, ती पुसून झाली की घरी जा म्हणाल्या, आणि सोमवारपासून यायची गरज नाही असं सांगितलं. मी सगळी पुसली. एकही त्यांनी परत पाठवलं नाही.